‘सौम्य’ म्हणजे कुणासाठी? कोविड आणि हरवलेला वास

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. या मालिकेत हृदय, मेंदू, मधुमेह अशा भारदस्त विषयांना चांगली गर्दी होते. मला मात्र आज नाकावर बोलायचंय. तेही सगळ्या नाकावर नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध, आत अगदी वरच्या टोकाला टपालाच्या तिकिटाएवढा एक पातळ पापुद्रा असतो, तेवढ्यावरच. आपल्याला वास येतो तो त्या पापुद्र्यामुळे.

आणि बोलायचंय एका शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘सौम्य’.

कोविडच्या काळात हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला. सौम्य म्हणजे काय, हे सरकारी उपचारपद्धतीत ठरलेलं होतं. दम लागत नाही, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ किंवा त्याच्या वर आहे, म्हणजे सौम्य. घरीच राहा, ताप बघा, पाणी प्या. ही वर्गवारी ज्या कामासाठी केली होती त्या कामाला ती चोख होती. खाट कुणाला द्यायची आणि घरी कुणाला पाठवायचं, हे ठरवायचं होतं. खाटाच नव्हत्या, तेव्हा दुसरं करणार तरी काय? अडचण अशी झाली, की साथ ओसरली तरी तो शब्द माणसाला चिकटून राहिला. ‘तुम्हाला काय, सौम्यच झाला होता ना!’ हे वाक्य माझ्या कितीतरी रुग्णांनी घरी, ऑफिसात आणि सांगायला वाईट वाटतं, पण दवाखान्यातही ऐकलेलं आहे. फुप्फुसाच्या मापाने तो आजार सौम्यच होता. पण माणूस काही नुसत्या फुप्फुसावर जगत नाही.

आता थोडं मागे जाऊ. मार्च २०२०. ब्रिटनमधल्या आमच्याच विषयाच्या डॉक्टरांच्या संघटनेने एक निवेदन काढलं. देशोदेशीच्या सहकाऱ्यांकडून त्यांच्या कानावर येत होतं, की ताप नाही, खोकला नाही, अशा धडधाकट माणसांचा अचानक वास जातोय आणि तपासलं तर कोविड निघतोय. त्यांचं म्हणणं होतं, की अशा माणसांनी घरात वेगळं राहावं. तोवर या गोष्टी डॉक्टर लोक एकमेकांना फोनवर सांगत होते, एवढंच. मग आकडे आले. इटलीच्या उत्तरेला ट्रेविझो नावाचं शहर आहे. तिथल्या डॉक्टरांनी कोविड झालेल्या, पण घरीच असलेल्या २०२ सौम्य रुग्णांना फोन करून विचारलं. १३० जणांनी सांगितलं, की आमचा वास किंवा चव बदललीय. म्हणजे शंभरात चौसष्ट! त्यांतल्या २४ जणांना हे इतर कुठल्याही लक्षणाच्या आधी जाणवलं होतं. आणि सहा जणांना याखेरीज दुसरं काहीच झालेलं नव्हतं.

हे सहा जण नीट लक्षात ठेवा. २०२ मध्ये सहा म्हणजे शंभरात तीनच. पण ते बाजारात जात होते, आईच्या शेजारी जेवायला बसत होते आणि लक्षणांच्या कुठल्याही यादीत बसत नव्हते. आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणं हे लक्षण यादीत घातलं १३ जून २०२० रोजी. टाळेबंदी लागली होती २५ मार्चला. मधल्या अडीच-पावणेतीन महिन्यांत ‘मला हिंगाचा वास येत नाहीये’ असं कुणी सांगितलं, तर त्याला तपासणीच्या रांगेत उभं करायला कागदावर जागा नव्हती. याचा दोष एकट्या मंत्रालयाचा नाही. अमेरिकेने एप्रिलच्या शेवटी आणि ब्रिटनच्या सरकारने १८ मे रोजी हे लक्षण घेतलं. वासाला आपण सगळेच, डॉक्टरसुद्धा, दुय्यम समजत आलो. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आम्ही विद्यार्थी असताना पाठ करतो. त्यातली पहिली वासाची. आणि रुग्ण तपासताना सगळ्यांत जास्त वगळली जाते ती हीच, पहिली.

आता एक प्रयोग करू. घरात बडीशेप असेल तर चिमूटभर हातात घ्या. मी थांबते. घेतलीत? आता नाक चिमटीत घट्ट धरा, बडीशेप तोंडात टाका आणि चावा. काय लागतंय? काहीतरी कुरकुरीत आणि थोडंसं गोड. बस्स. आता नाक सोडा.

आली ना बडीशेप?

आपण ज्याला ‘चव’ म्हणतो, त्यातलं बरंचसं जिभेवर नसतंच. चावताना अन्नातून जे सुटतं, ते घशामागून वर चढून त्या पापुद्र्यापर्यंत पोचतं. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रसात असते ती पाचवी, उमामी. वरण आणि आमटी यातला फरक, कोथिंबीर, जायफळ, हापूस आणि पायरी यातला फरक, हे सगळं नाकाचं काम आहे. आपल्या परंपरेत रस सहा सांगितलेत. त्यातला कटू म्हणजे आपलं तिखट, आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत येताना या दोघांची अदलाबदल झालीय, म्हणून सांगितलं. तर हे तिखट जिभेच्या चवीच्या गाठींना कळतच नाही. ते झोंबणं वाहून नेते चेहऱ्याची संवेदना सांभाळणारी एक वेगळीच नस. तीच नस कापराचा आणि पेपरमिंटचा थंडावाही सांगते. म्हणून पुष्कळांची फसगत व्हायची. बाम हुंगला, नाकात थंड झोंबलं, की ‘वास येतोय की मला!’ तो वास नसायचा, ती झोंब असायची.

एप्रिल २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी हुंगायची शिफारस फिरत होती, ऑक्सिजन वाढतो म्हणून. ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पण ती पुरचुंडी हुंगता हुंगताच आपल्याला ओव्याचा आणि लवंगेचा वास येत नाही हे लक्षात आलेले रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत.

सर्दीतही वास जातो, मग यात नवीन काय? सर्दीत नाक चोंदतं, हवा वरपर्यंत पोचत नाही. नाक मोकळं झालं की वास परत. ट्रेविझोच्या त्या १३० जणांपैकी नाक चोंदल्याची तक्रार फक्त ४५ जणांची होती. बाकीच्यांचं नाक मोकळं, श्वास स्वच्छ, आणि वास शून्य. शिवाय पुष्कळांच्या जिभेवरची खरी चव आणि तिखटाची झोंबही कमी झाली होती. चार हजारांवर लोकांनी अनेक भाषांतली एक प्रश्नावली भरून दिली, त्यात या तिन्ही गोष्टी एकदम उतरलेल्या दिसल्या. ‘मीठ घातलंय का?’ असं विचारणारे आणि मिरची कचाकचा चावून दाखवणारे लोक थापा मारत नव्हते.

मग झालं काय होतं? सुरुवातीला भीती होती, की विषाणू वासाच्या चेतापेशी मारून त्या वाटेने मेंदूत शिरतोय. जुलै २०२० मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने वेगळी दिशा दाखवली. विषाणूला पेशीत शिरायला ज्या दाराची कडी लागते, ती वासाच्या चेतापेशींवर नाहीच. ती आहे त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर. लग्नघरात कसं, गाणारी बाई ठणठणीत आहे, पण तिला पाणी देणारे, सतरंजी घालणारे, माईक लावणारे सगळे एकाच वेळी आजारी पडले, तर गाणं होईल का? आधारपेशी कोसळल्या, सूज आली, आणि त्या गडबडीत चेतापेशींनी आपलं कामच बंद केलं. पुढच्या संशोधनात दिसलं, की गंध ओळखणाऱ्या रिसेप्टरांची जनुकंच त्या पेशींमध्ये निपचित झाली होती. असे चालू स्थितीतले रिसेप्टर माणसात सुमारे चारशे प्रकारचे असतात. या जनुकांचा शोध लावला म्हणून लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं.

आधारपेशी पुन्हा तयार होतात. वासाच्या चेतापेशीसुद्धा आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि शरीरात असं करणाऱ्या चेतापेशी फार थोड्या आहेत. म्हणूनच बहुतेकांचा वास परत आला. ट्रेविझोच्याच डॉक्टरांनी चार आठवड्यांनी पुन्हा फोन केले. वास-चव बदललेल्यांपैकी ११३ जण बोलले. ५५ जण पूर्ण बरे, ४६ जणांना सुधारणा, १२ जण तसेच किंवा आणखी वाईट.

आता मी या बाराजणांबद्दल बोलणार आहे.

माझ्या एक रुग्ण आहेत, पन्नाशीच्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. इंदुरातल्या मराठी घरांना काळा मसाला आणि गोडा मसाला करून द्यायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा व्यवसाय. दुसऱ्या लाटेत कोविड झाला. ‘डॉक्टर, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव होता हो माझा,’ हे त्या अजूनही अभिमानाने सांगतात. वास गेला, महिनाभराने थोडा आला, घरात पेढे वाटले. आणि अडीच महिन्यांनी एके दिवशी कांदा-खोबरं भाजायला घेतलं, तर कढईतून जळक्या रबराचा आणि सडक्या पाण्याचा वास. कांदा बदलला, खोबरं बदललं, कढई बदलली. तेच. मग कॉफी, लसणाची फोडणी, भाजलेले शेंगदाणे, सगळ्यांना तोच एक घाण वास यायला लागला. घरात स्वयंपाक चालू असला की काकू गच्चीत. दही-भात आणि काकडी एवढ्यावर सात किलो वजन उतरलं. घरातले आधी काळजीत होते, नंतर म्हणायला लागले, ‘आता पुरे झाली नाटकं.’

हे नाटक नाही. याला पॅरोस्मिया म्हणतात. वास येतो, पण चुकीचा येतो. नव्याने वाढणारी जोडणी अर्धवट असताना हे होतं असं आम्ही समजतो. आणि त्रास नेमका भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांचा, कांदा-लसणाचा, कॉफीचा का, याचंही उत्तर बरंचसं सापडलंय. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कॉफीचा वास एकेका रेणूत सुटा केला आणि रुग्णांना हुंगायला दिला. त्रास देणारे मोजकेच रेणू निघाले. त्यातला सगळ्यांत पुढचा गंधकयुक्त, भाजताना तयार होणारा, अगदी किंचित असला तरी जाणवणारा. आपलं स्वयंपाकघर भाजण्या-परतण्यावरच तर उभं आहे! उकडलेल्या बटाट्यावर जगणाऱ्या माणसाला पॅरोस्मिया कदाचित सोसेल, काळा मसाला करणाऱ्या बाईला तो सोसत नाही.

त्या काकूंना दीड वर्ष लागलं. धणे आणि लवंग परत आले, कांदा सोसवेल इतका झाला. दगडफूल अजून आलेलं नाही. मसाला आता त्या रंगावर, कढईतल्या आवाजावर आणि घड्याळावर भाजतात, आणि शेवटचा वास घ्यायला सुनेला हाक मारतात. धंदा चालू आहे. पण मला एकदा म्हणाल्या, ‘पूर्वी मला सांगावं लागायचं नाही, की आता काढ. हातच आपसूक जायचा.’ हे नुकसान कुठल्या रिपोर्टवर येतं?

अशी माणसं किती? २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अठरा अभ्यास एकत्र करून अंदाज काढला गेला. कोविडमध्ये वास बिघडलेल्यांपैकी साधारण ५.६ टक्के लोकांचा वास सहा महिन्यांनंतरही बिघडलेलाच राहिला असावा. हा आकडा जसाच्या तसा भारताला लावू नका. विषाणूच्या अवतारागणिक फरक पडतो. ब्रिटनमधल्या लस घेतलेल्या लोकांच्या पाहणीत डेल्टाच्या काळात निम्म्याहून जास्त लोकांचा वास गेला होता, ओमिक्रॉनमध्ये सुमारे १७ टक्के लोकांचा. पण आपल्याकडे नोंदले गेलेले रुग्णच साडेचार कोटी आहेत. एक टक्का धरलात तरी साडेचार लाख माणसं होतात. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत, दृष्टी आहे, श्रवण आहे. वास नाही. या यादीत तो आलाच पाहिजे असा माझा आज आग्रह नाही. पण पाच ज्ञानेंद्रियांपैकी एक पूर्ण गेलं तरी कागदावर माणूस अखंड राहतो, हे मला खटकतं.

उपाय काय, हे तुम्ही केव्हाचं मनात म्हणताय. गोळी नाही. आहे तो सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये, म्हणजे कोविडच्या दहा वर्षं आधी, वास गेलेल्या रुग्णांना चार वास दिले. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. सराव करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. चमत्कार नाही, पण फायदा आहे आणि अपाय नाही. घरी करायचं तर चार छोट्या बाटल्या घ्या. गुलाबाचं अत्तर कापसावर, निलगिरीचं तेल कापसावर, लिंबाची ताजी साल आणि किंचित ठेचलेली लवंग. एकेक बाटली दहा-पंधरा सेकंद हळू हुंगायची, मध्ये थोडं थांबायचं. हुंगताना तो वास आठवायचा. लिंबू म्हणजे कुठलं लिंबू, लोणच्याचं, सरबताचं? माझे बरेच रुग्ण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, कारण काहीच येत नसतं. ‘काहीच येत नाही’ असं वाटत असतानाच तो करायचा असतो. बारा आठवड्यांनी फरक पडला नाही तरी आणखी काही महिने चालू ठेवा.

आणि काय करायचं नाही, तेही ऐका. नाकात कांद्याचा रस, मोहरीचं तेल, कापराचं पाणी असलं काहीही घालू नका. जळकं संत्रं गुळाबरोबर खाण्याचे व्हिडिओ फिरले होते, त्याने वास येत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. २०२१ मध्ये अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीतून काळ्या बुरशीने काय केलं, ते आमच्या शाखेने फार जवळून पाहिलंय. एकाच बाजूचा वास गेलाय, नाकातून रक्त येतंय, डोक्याला मार लागला होता, किंवा कोविड झालाच नव्हता तरी वास हळूहळू जातोय, अशा वेळी कोविडच्या माथी मारून मोकळे होऊ नका, दाखवून घ्या. पार्किन्सनसारख्या आजाराची सुरुवातही कधीकधी वास जाण्याने होते.

आता गॅसबद्दल, आणि हे मी दर व्याख्यानात सांगते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा जवळजवळ वास नसतो. त्यात मुद्दाम एक घाण वासाचं द्रव्य मिसळतात, ते तुमच्या नाकाच्या भरवशावर. ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी ती सगळी सुरक्षाव्यवस्था बंद पडलेली असते. म्हणून गॅसगळती ओळखणारा अलार्म बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, त्यामुळे अलार्म जमिनीजवळ लागतो, छताशी नाही. रात्री रेग्युलेटर बंद. गळतीची शंका आली तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू-बंद काहीच करू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग १९०६ वर फोन करा. दूध, उरलेली भाजी यावर तारीख घाला. आणि घरात एक ‘नाक’ नेमा, नातू असेल तर फारच छान. दिवसातून दोनदा त्याला विचारायचं.

आता प्रश्न. नागपूरहून एकीने आधीच लिहून पाठवलाय, तो आधी घेते. त्या लिहितात, ‘सासूबाईंना चार वर्षं झाली, वास नाही. त्या कुणाला सांगत नाहीत, पण रोज दोनदा आंघोळ करतात आणि देवळात शेवटच्या रांगेत बसतात. का, ते कळत नाही.’

ताई, त्यांना स्वतःच्या अंगाचा वास येत नाही. आपल्याला घामाचा वास येतोय का, हे त्यांना तपासता येत नाही, आणि ही धास्ती मी माझ्या कितीतरी रुग्णांत पाहिलीय. तुम्ही त्यांना एवढंच सांगा, की आई, काही वास येत असेल तर मी तुम्हाला सांगेन, आणि नसला तर तसंही सांगेन. मग खरोखर सांगा, दोन्ही वेळा. चार वर्षं झाली असली तरी लवंग-लिंबाचा सराव सुरू करायला हरकत नाही, मी इतक्या उशिरा थोडा फरक पडलेला पाहिलाय. गॅसचा अलार्म मात्र याच आठवड्यात बसवा. पुढचा प्रश्न कुणाचा आहे?